तडा कुठून सुरू झाला

कोरड्या फडक्यानं गाडीची काच पुसणारा माणूस दिसला की माझा आजही जीव खालीवर होतो. सकाळी फिरायला निघालो की लखनौच्या अलीगंजमध्ये घरोघरी हेच चाललेलं असतं. कुणी जुनी बनियन घेऊन, कुणी कालचं वर्तमानपत्र चुरगाळून, रात्रभर बसलेल्या धुळीवर खसाखसा हात फिरवत असतो. अहो, ती धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. आधी पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मग पुसा. हे एक वाक्य मी आयुष्यभर सांगत आलो. बायको म्हणते, माझ्या पश्चात फोटोखाली हेच लिहायचं.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी शास्त्रज्ञ लिहितात, प्राध्यापक लिहितात, बँकेतून निवृत्त झालेले लिहितात. यंदा संपादकबाईंनी मला गाठलं आणि म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल लिहा." माझा उभा जन्म लोकांच्या बॉनेटवर ओणवं होण्यात गेला, त्यात लिहिण्यासारखं काय, असं आधी वाटलं. मी मूळचा मिरजेचा. एका काच कंपनीनं इथलं सेवाकेंद्र सुरू करायला पाठवलं म्हणून लखनौला आलो. पुढं कंपनीनं केंद्र गुंडाळलं, मी मात्र गुंडाळलो नाही. विकास नगरात स्वतःचं दुकान टाकलं. इथं मला नावानं फारसं कुणी ओळखत नाही, 'शीशेवाले भाईसाहब' म्हटलं की लोक बोट दाखवतात. आता दुकान माझा भागीदार इरफान बघतो. मी दुपारी जाऊन बसतो, चहा पितो आणि त्याच्या चुका काढतो. तो माझ्या काढतो.

ज्यांनी काचेकडं फक्त काचेतून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीची समोरची काच ही एक काच नसते. दोन काचा आणि त्यांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा चिकट पापुद्रा, असं ते पुरणपोळीसारखं प्रकरण असतं, फक्त पुरण दिसत नाही. म्हणूनच ती फुटली तरी अंगावर कोसळत नाही, जागच्या जागी तडकते. रस्त्यावरचा खडा उडाला की वरच्या काचेला टवका जातो. तो ताजा असताना गाडी आणली तर आम्ही त्यातली हवा खेचून घेतो, पातळ रेझिन भरतो आणि खास दिव्याखाली ते कडक करतो. काच वाचते. माशीच्या पंखाएवढी खूण मात्र राहते, आणि ती राहणार हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. पण टवका घेऊन येतो कोण? सगळे म्हणतात, "अरे यार, बाद में देखेंगे." टवका उन्हात तापतो, पावसात पाणी पितो आणि एके दिवशी कुणी दार जरा जोरात आपटलं की त्यातून तडा धावतो. मग माझ्यावर चिडतात.

बाकी लखनौमध्ये काचेला शत्रू पुष्कळ. मे महिन्यातली आंधी आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आहेत, ते नुसत्या शाम्पूनं जात नाहीत, पॉलिश लावून तासभर हात दुखवून घ्यावे लागतात. छावणीतल्या जांभळाच्या झाडांखाली गाड्या लावणारे अधिकारी आहेत. हिवाळ्यातल्या कोहऱ्यात, म्हणजे दाट धुक्यात तर बाहेरून लख्ख असलेली काच आतून धुरकट निघते. डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ, देवापुढची उदबत्ती, ड्रायव्हरची सिगारेट, सगळं त्या आतल्या बाजूला जाऊन बसतं आणि समोरून येणारा दिवा पसरट दिसायला लागतो. लोकांना वाटतं गाडीचे दिवे कमजोर झाले. पावसात वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. मी त्यांना रागावतोसुद्धा, पण खरं सांगायचं तर थोडा वेळ तो उपाय चालतो.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. एका मिठाईवाल्यानं नव्या गाडीला कोटिंग करून घेतलं. कोटिंग म्हणजे काचेवर पाणी, चिखल, तेल काही ठरू न देणारा थर. दुसऱ्या दिवशी तो भटजींना गाडीत घालूनच दुकानात आला. तुपात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढलं की ते ओघळून वायपरपर्यंत येत होतं. "भाईसाहब, ये क्या लगा दिया? शुभ काम टिक ही नहीं रहा." भटजी माझ्याकडं असे बघत होते की मी जणू नास्तिकपणाच विकतोय. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी वरच्या कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग घासून कोरा करून दिला. तेव्हापासून आमच्या दुकानात कोटिंग करताना तेवढी देवाची जागा सोडायची पद्धत पडली. इरफान स्वतः आठवणीनं विचारतो, "पूजा वाला कोना किस तरफ रखें?"

या धंद्यानं मला एक गोष्ट शिकवली. काच फुटली की माणसं खोटं बोलतात, आणि सगळ्यांचं खोटं एकच असतं, "आगे ट्रक था, गिट्टी उछली." पण काच बघितली की कळतं. दगड लागला तर तिथं खळगा असतो, नखाला लागतो. डॅशबोर्डवर पाय टाकून बसलेल्या माणसानं टाच मारली असेल तर तडा आतून असतो. काच बसवतानाच कडेला मार लागला असेल तर तडा कडेपासून निघतो. नवरा सांगतो दगड, बायको गप्प असते, आणि मला दिसत असतं की मार आतून आहे. मी काही बोलत नाही. काच बदलून देतो. फुटली कुणामुळं हे सांगणं माझं काम नाही, असा नियमच करून टाकला होता. तो मी एकदाच मोडला, त्याची ही हकीकत.

डॉक्टर सबनीस आमच्या मंडळातले. इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करून निवृत्त झाले. सज्जन माणूस, पण लखनौच्या ट्रॅफिकची त्यांनी कायम धास्ती घेतलेली, त्यामुळं गाडीला ड्रायव्हर. रामसुमेर त्याचं नाव. बाराबंकीकडचा, पन्नाशीचा, गाडी उत्तम चालवणारा आणि स्वभावानं कुरकुऱ्या. घरात डॉक्टरांच्या पत्नी असत आणि डॉक्टरांची आई, माई. वडील गेल्यावर माई वाईहून मुलाकडं राहायला आल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्या बायकोची त्यांच्याशी गट्टी. अलीकडं माई विसरायला लागल्या आहेत, हे बायकोकडून कानावर आलं होतं.

गेल्या वर्षी भाऊबीज उलटली आणि डॉक्टरांची गाडी दुकानात आली. समोरच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. डाव्या बाजूचा जुना टवका माझ्या ओळखीचा होता. पावसाळ्यात तो भरून घ्या म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि त्यांनी "बघू" म्हटलं होतं. तडा त्याच टवक्यातून दोन्हीकडं धावला होता. आता काच बदलण्यावाचून इलाज नव्हता.

"काय झालं म्हणायचं?" मी विचारलं.

"ट्रक के पीछे थे," रामसुमेर म्हणाला, "गिट्टी लगी होगी."

नव्या दगडाचा खळगा कुठंही नव्हता. मी नेहमीप्रमाणं गप्प बसलो. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "हा चक्क खोटं बोलतोय. चतुर्दशीला सकाळी मी खाली आलो तेव्हा गाडी ओली होती आणि शेजारी बादली. दंव पुसायचा कंटाळा म्हणून यानं गरम पाणी ओतलं असणार. हल्ली काही सांगितलं की तोंड वर करून बोलतो. तुम्ही फक्त एवढं सांगा की गरम पाण्यानं काच जाते की नाही. तुमच्या तोंडून ऐकलं की आजच त्याला निरोप देतो."

'बाजूला घेऊन' म्हणालो खरं, पण रामसुमेर तिथंच, चार पावलांवर उभा होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. इथं आपण सगळे असंच करतो. मी आणि बायको सब्जीवाल्यासमोर उभं राहून त्याच्या मालाला मराठीत नावं ठेवतो आणि मग हिंदीत गोड बोलून भाव करतो. मोलकरणीसमोर तिच्याबद्दल बोलतो. घरातली मुलं मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात, तरी आपली ठाम समजूत की बाहेरच्याला यातलं अक्षर कळत नाही.

"काच काढून बघतो आणि सांगतो," एवढंच मी म्हणालो.

गार काचेवर कढत पाणी पडलं तर धड असलेली काच सहसा टिकते, टवका असलेली जाते. नोव्हेंबरातल्या पहाटे, दंवात रात्र काढलेल्या काचेवर तर नक्कीच जाते. त्यामुळं डॉक्टरांचा अंदाज चुकीचा नव्हता. मला वाईट वाटत होतं ते रामसुमेरचं. या वयात त्याला दुसऱ्या कुठल्या कोठीवर, म्हणजे बंगल्यावर, काम मिळणार होतं?

मी आणि इरफाननं वायपर काढले, मग वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली. या जाळीखाली नेहमी झाडांची पानं आणि माती साठलेली असते. यावेळी पानांच्या खाली तपकिरी चोथा वाळून बसला होता. इरफान म्हणाला, "मिट्टी है." त्यानं ब्रश उचलला. मी सहज ओलं बोट त्यावर फिरवलं आणि नाकाशी नेलं. मिरजेची न्हाणी, आईचा खरखरीत हात, डोळ्यांत गेलेलं तेल, सगळं एका क्षणात त्या बोटावर आलं. ते उटणं होतं. इथल्या लोकांचं बेसन-हळदीचं उबटन नव्हे, आपलं सुगंधी उटणं.

मग सगळा उलगडा झाला. नरकचतुर्दशीच्या पहाटे कुणीतरी गाडीला अभ्यंगस्नान घातलं होतं. घरातल्या सगळ्यांना पहिली आंघोळ, मग दारातल्या गाडीनं काय पाप केलंय? हा विचार कुठल्या डोक्यातून निघाला असेल ते सांगायची गरज नव्हती. आणि बाराबंकीचा माणूस काचेला उटणं कशाला चोळेल?

मला आनंद झाला. रामसुमेर सुटला, असं वाटलं. मी चिमूटभर चोथा कागदावर घेतला, डॉक्टरांना हाक मारली आणि म्हणालो, "पाणी पडलं हे खरं, पण ते यानं टाकलेलं नाही. वास घ्या."

डॉक्टरांनी वास घेतला. वनस्पतीतला माणूस तो. "नागरमोथा," ते हळूच म्हणाले. "कपूरकाचरी. हे विकतचं नाही. माई घरी करते, सामान मीच आणून देतो." ते स्टुलावर बसले. मला वाटलं, आता हसतील. रामसुमेरच्या खांद्यावर हात ठेवतील आणि विषय मिटेल. पण त्यांचा चेहरा उतरतच गेला.

"मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून देवाला बसली," ते मराठीत मला सांगू लागले. "एकदा फाटकाबाहेर गेली आणि आपलं घर कुठलं ते आठवेना. आता अंधारात कढत पाण्याची बादली घेऊन पायऱ्या उतरली. अंगावर सांडली असती तर? पुण्याला ताईनं एक चांगलं ठिकाण बघून ठेवलंय, तिथं नर्स असते. मीच मन घट्ट करत नव्हतो. आता दुसरा मार्ग नाही."

हातातला कागद मला नकोसा झाला. एकाची नोकरी वाचवायला गेलो आणि एका म्हातारीचं घर घालवून बसलो. नियम काय उगाच केला होता? त्यांच्या घरातल्या गोष्टीत मी काय बोलणार? आणि गॅसचं ते सांगत होते तेही काही खोटं नव्हतं.

"साहेब, माईंना पुण्याला नका पाठवू."

मी मागं वळून पाहिलं. रामसुमेर बोलत होता. मराठीत.

"बादली त्यांनी नाही आणली, माझ्या हातात होती. त्यांना मी पायरी उतरू देतो का एकटं? मी म्हटलं, माई, पाणी कढत आहे, शीशेवाले भाईसाहब ओरडतात. त्या म्हणाल्या, पहिल्या आंघोळीला कुणी गार पाणी घालतं का? मग त्यांनी उटणं लावलं, पाणी घातलं, ओवाळलं. मला पण टिळा लावला."

थांबत थांबत, पण स्वच्छ बोलत होता. हेल थेट माईंचा. इरफान हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला.

"तुला मराठी येते?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोलना तो आज ही पड़ा, साहब," तो पुन्हा हिंदीवर आला. "समझ में तो माई के आने के बाद ही आने लगी थी."

डॉक्टर काय आठवत असतील हे मला दिसत होतं. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून केलेले फोन, नवरा-बायकोची बोलणी, बहिणीशी झालेली आईबद्दलची चर्चा. सगळं एका माणसाच्या पाठीमागं बसून, तो नाहीच असं समजून. माझ्याही डोळ्यांसमोर आमचा सब्जीवाला आला.

"मग तुला काढायचं ठरवलं होतं, ते..." डॉक्टर म्हणाले.

"जी. वो भी सुना था."

हे तो कुरकुरत म्हणाला नाही, रागानंही नाही. डॉक्टर उठून दुकानाच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

आम्ही नवी काच बसवली. ती बसवली की कडेचा गोंद धरेपर्यंत गाडी हलवायची नसते. घाई केली तर पहिल्याच गतिरोधकाला काच सरकते. त्यामुळं सगळ्यांना थांबणं भाग होतं. मी चहा मागवला. इरफाननं रामसुमेरला विचारलं, "अपनी नौकरी जा रही थी, तब भी चुप रहे?"

"नौकरी तो कहीं और कर लेते," रामसुमेर त्याच्या नेहमीच्या कुरकुऱ्या सुरात म्हणाला. "दिन भर उस कोठी में हमसे बोलता कौन है? एक माई बोलती हैं. वो भी पूना चली जाएँ तो हम गाड़ी से बात करें?"

डॉक्टरांनी हे ऐकलं असावं. दाराशी त्यांची पाठ होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ताईचा आहे. त्या जागेचं आज कळवायचं होतं." फोन वाजत राहिला. एरवी ते लगेच घेत, चौघांत मोठ्यानं बोलत. आज तो हातात धरून ते रामसुमेरसमोर येऊन उभे राहिले.

"रामसुमेर," ते मराठीत म्हणाले, "ताईला काय सांगू?"

रामसुमेरनं चहाचा पेला खाली ठेवला. आजवर त्याला कुणी असं काही विचारलं नसावं. तो एकदा माझ्याकडं बघून घेऊन सावकाश म्हणाला, "सांगा, माई इथंच राहतील. गॅसपाशी कामवाली बाई असेल. बाहेर जाताना मी बरोबर असेन. आणि पुढच्या दिवाळीलाही मी पहाटेच येईन. पाण्यात विसण मी घालीन."

विसण. कढत पाणी सोसवेल असं करायला त्यात ओततात ते गार पाणी. माझ्या सख्ख्या मुलीला हा शब्द ठाऊक नाही.

फोन तोवर वाजून थांबला होता. डॉक्टरांनी तो पुन्हा लावला. "ताई," ते म्हणाले. "माई इथंच राहील. नाही, मी एकट्यानं नाही ठरवलं. आम्ही ठरवलं."